ऑनलाइन ट्रॉमा काउन्सेलिंग: १६ सेशननंतर

सेशन संपतं, डोळे अजून ओले असतात, रुमाल कुठं ठेवला ते शोधत असता आणि स्क्रीनवर टुणकन पाच तारे उगवतात. 'आजचं सेशन कसं वाटलं?' खाली एक हसरा पिवळा चेहरा. अरे बाबा, आत्ता मी कशातून बाहेर आलोय आणि तू मला जेवण कसं होतं टाईप प्रश्न विचारतोस. सोळाच्या सोळा वेळा मी ते बंद केलं. पण मनात होतं की एकदा नीट लिहायचं, कारण मी स्वतः हे घ्यायच्या आधी रात्र रात्र रिव्ह्यू शोधत होतो आणि सगळीकडे एकतर 'लाइफ चेंजिंग' नाहीतर 'पैसे पाण्यात', मधलं काहीच नाही.

ॲपचं नाव लिहीत नाहीये. चांगलं वाईट दोन्ही सांगायचंय आणि खरं सांगू का, यातली बरीचशी गोष्ट ॲपची नसतेच, पलीकडे कोण बसलंय त्याची असते.

थोडक्यात माझं. दीड वर्षापूर्वी रात्री गाडी चालवत होतो, शेजारी धाकटी बहीण. वळायला इंडिकेटर लावून उभे होतो आणि ट्रक तिच्या बाजूने येऊन आदळला. मला खरचटलं, तिचं मांडीचं हाड मोडलं. ती आता चालते फिरते, माझ्यापेक्षा भराभर. पण आदळल्यावर सगळं एकदम शांत झालं आणि फक्त इंडिकेटर वाजत राहिला, टिक टिक टिक, मदत येईपर्यंत. तेव्हापासून कुठलीही टिकटिक ऐकली की घशाला कोरड, तळहात ओले आणि मी खोलीत नसतोच, मी तिथे असतो. गाडी चालवणं बंद. मग दुसऱ्याच्या गाडीत बसणं बंद. मग रस्त्याच्या कडेने चालणं पण नको वाटायला लागलं. घरच्यांना वाटलं होईल हळूहळू, मलाही वाटलं. असल्या घटनेनंतर पहिले काही आठवडे बहुतेकांना त्रास होतोच आणि बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो, म्हणून तर पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक त्रास) म्हणायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. माझे सात महिने झाले होते.

ऑनलाइन का, तर सरळ आहे, क्लिनिकला जायला गाडीत बसावं लागलं असतं.

साइन अप एकदम झटपट. आधी एक लांबलचक फॉर्म, मग २० प्रश्नांची यादी, प्रत्येकाला ० ते ४ मार्क. नंतर कळलं ती पीसीएल-५ नावाची जगभर वापरतात ती प्रश्नावली आहे, एकूण ८० पैकी स्कोअर, साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की नीट तपासणी करा असं सांगतात. ती स्वतः निदान करत नाही, फक्त दार वाजवते. माझा आला ४७. ही गोष्ट मला आवडली, कारण पुढे दर चार सेशनला तीच प्रश्नावली परत भरून घेतली आणि 'बरं वाटतंय का' याचं उत्तर नुसत्या मूडवर राहिलं नाही. जी सर्व्हिस असं काहीच मोजत नाही तिच्याबद्दल मी जरा साशंक राहीन.

मग ॲपने 'तुमच्यासाठी योग्य' म्हणून एक काउन्सेलर जोडून दिला. सज्जन माणूस, काही वाद नाही, पण पहिल्याच सेशनला दहाव्या मिनिटाला म्हणाला की मनमोकळं बोला, काय घडलं ते सुरुवातीपासून सांगा. मी सांगितलं. सगळं. काचा, बहिणीचा हात, तो आवाज. तो मान हलवत राहिला, मधे दोनदा 'आय अंडरस्टँड', आणि पन्नासाव्या मिनिटाला 'आज वेळ झाली, पुढच्या आठवड्यात भेटू'. लॅपटॉपवर माझाच चेहरा उरला. त्या रात्री मी झोपलो नाही, पुढच्या रात्रीही नाही, आणि तीन आठवडे ॲप उघडलंच नाही. तेव्हा वाटलं आपल्यातच काहीतरी कमी आहे, बोलून हलकं वाटायला हवं होतं ना. नंतर समजलं की घटनेनंतर माणसाला एकदा बसवून सगळं ओकायला लावलं की मोकळं होतं ही समजूत कधीच मागे पडलीय. एका बैठकीच्या अशा डीब्रीफिंगने पीटीएसडी टळत नाही असं अभ्यासात दिसलं आणि ते सरसकट करू नका असंच आता सांगतात. माझी केस तंतोतंत तशी नव्हती, सात महिने होऊन गेले होते, पण मुद्दा तोच, आधी पायाखाली जमीन नको का?

इथे ॲपला एक पूर्ण मार्क. काउन्सेलर बदलायला दोन टॅप लागतात, का बदलताय याचं उत्तर सक्तीचं नाही, समोरच्याला फोन करून 'सॉरी हां' म्हणावं लागत नाही. प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये असतो तर भिडेखातर मी अजून चार वेळा गेलो असतो आणि मग कायमचं सोडलं असतं. यावेळी फॉर्ममध्ये 'भाषा: मराठी' पण टाकलं, आधी टाकलं नव्हतं, म्हणलं काय फरक पडतोय. खूप पडतो. इंग्रजीत 'आय फील गिल्टी' म्हणालो की अंगाला काही लागत नव्हतं, बातमी वाचल्यासारखं. मराठीत 'माझ्यामुळे झालं' म्हणताना आवाजच फुटेना.

दुसऱ्या मॅडम. पहिल्या सेशनला त्यांनी अपघाताबद्दल अक्षरशः एक वाक्य ऐकलं आणि म्हणाल्या आज इतकंच पुरे. उरलेला वेळ काय विचारलं तर, आत्ता कुठे बसलाय, पत्ता सांगा. घरात कोण आहे. दार आतून लागतं का. तुम्हाला काही झालं तर कोणाला फोन करू, त्यांना हे माहितीये का. आणि कॉल कट झाला तर? ठरलं की दोन मिनिटं वाट बघायची, मग त्या फोन करणार, मी नाही. मला तेव्हा हे सगळं बँकेच्या केवायसीसारखं वाटलं, थोडा वैतागलोही. सातव्या सेशनला ऐन मोक्याला नेट गेलं तेव्हा त्याची किंमत कळली. स्क्रीन गोठली, मॅडमचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाचा, माझं वाक्य 'आणि मग ती' इथे तुटलेलं. एकटा. छाती धडधडायला लागली, पण डोक्यात घड्याळ लागलं होतं, दोन मिनिटं, फोन येणार. एक मिनिट चाळीस सेकंदाला आला. त्यांचं पहिलं वाक्य 'मी आहे, तुम्ही खोलीतच आहात, डाव्या हाताला काय दिसतंय सांगा.' कपाट, म्हणालो. 'कपाटाचा रंग?' अशी परत आणली गाडी रुळावर.

हे कपाट प्रकरण म्हणजे ग्राउंडिंग, मन आठवणीतून ओढून आत्ताच्या जागेवर आणायचं. पाच गोष्टी बघा, चार स्पर्शाने, तीन आवाज, दोन वास, एक चव, हे इंटरनेटवर कुठेही सापडेल. पण ऑनलाइनचा एक फायदा असा की हे तुमच्याच खोलीत होतं. मॅडमनी माझ्या खोलीतल्या वस्तूंचीच यादी करून घेतली, पंख्याचा रेग्युलेटर जो तीनवरच अडकलाय, खिडकीच्या गजाचा सोललेला रंग, पोरीने भिंतीवर चिकटवलेला डायनासोर. क्लिनिकमधल्या खुर्चीवर शिकलेलं घरी आणून वापरावं लागतं, माझं घरीच शिकून झालं होतं, रात्री तीनला दचकून उठलो तरी तोच रेग्युलेटर.

तोटा पण याच खोलीतला. व्हिडिओवर काउन्सेलरला तुमचा चेहरा आणि खांदे दिसतात, बस्स. पहिले तीन सेशन माझा उजवा पाय टेबलाखाली शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता आणि वर मी शांतपणे 'ठीक आहे' म्हणत होतो. समोर असत्या तर पहिल्या मिनिटात दिसलं असतं. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं, 'पाय काय म्हणतायत?' मी हसलो आणि मग रडलो, दोन्ही एकदम. त्यानंतर लॅपटॉप जरा लांब, हात दिसतील असा, आणि अधूनमधून पायांची चौकशी. अजून एक, स्वतःचा चेहरा दिसणारी छोटी चौकट बंद करून टाका. स्वतःला रडताना बघत रडता येत नाही, सगळं लक्ष 'आपण कसे दिसतोय' यात जातं.

आणि शांतता. समोरासमोर गप्प बसता येतं. ऑनलाइन पाच सेकंद गप्प बसलं की दोघंही 'हॅलो, ऐकू येतंय ना?' यावर शेवटी आम्ही ठरवलं की गप्प बसलो तर मी हात वर करायचा, म्हणजे नेट चालू आहे, मी विचार करतोय.

मुख्य उपचार म्हणजे सीपीटी, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. पॅट्रिशिया रेसिक आणि सहकाऱ्यांनी बनवलेली, साधारण १२ सेशनची, आणि लष्करातून आलेल्या लोकांपासून लैंगिक अत्याचारातून गेलेल्यांपर्यंत बऱ्याच जणांवर वापरून झालेली. अमेरिकेत माजी सैनिकांवर हीच थेरपी व्हिडिओवरून देऊन बघितली तर समोर बसून देण्याइतकीच उपयोगी पडली, त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे सेकंड हँड' असं निदान हिच्याबाबत तरी म्हणता येत नाही. यात घटना पुन्हा पुन्हा उगाळण्यापेक्षा, त्या घटनेवरून तुम्ही मनाशी काय निकाल लावून बसलाय तो कागदावर आणायचा. माझा निकाल: बहीण मागे बसणार होती, मी म्हणलं पुढे बस गप्पा मारू, म्हणून तिचा पाय मी मोडला. लिहिल्यावर मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आता पुरावे लिहा, दोन रकाने. एका बाजूला पटापट लिहिलं. दुसऱ्या बाजूला बराच वेळ काहीच नाही, मग एक ओळ आली, 'ट्रक मी चालवत नव्हतो'. इतकी साधी ओळ, पण ती माझ्या अक्षरात लिहिलेली बघायला नऊ महिने लागले होते.

ॲपमधलं वर्कशीटचं पान मात्र भिकार आहे. टाइप करता करता बॉक्स रिफ्रेश होतो, एकदा पाऊण तासाचं लिहिलेलं गेलं. असल्या लिखाणाचं 'ऑटो सेव्ह' नसणं म्हणजे कमाल. मग मी सरळ वही आणली आणि फोटो पाठवले. १२ ऐवजी मला १६ लागले, मधल्या तीन आठवड्यांत डोकंच चालत नव्हतं.

ईएमडीआरचा पर्याय पण दिला होता. फ्रान्सिन शॅपिरोने १९८७ मध्ये सुरू केलेली पद्धत, आठवण मनात धरून नजर डावी उजवी फिरवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात ट्रॉमावर केंद्रित सीबीटीसोबत (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) हिचंही नाव आहे, त्यामुळे थोतांड म्हणून उडवू नका. ऑनलाइनमध्ये स्क्रीनवर एक ठिपका फिरतो. माझ्या नेटवर तो ठिपका मधेच अडकून बसायचा आणि मग एकदम पळायचा, दोघांनाही हसू आलं, ते राहिलं. त्याऐवजी हात छातीवर आडवे घेऊन दोन्ही खांद्यांवर आळीपाळीने थापट्या मारायच्या, फुलपाखराची मिठी म्हणतात त्याला. १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत वाचलेल्या लोकांसोबत काम करताना निघालेली ही युक्ती. झोपायच्या आधी अजून करतो.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. सेशनच्या आधी ॲपची 'वेटिंग रूम' असते, त्यात उलटी गिनती चालते आणि तिला आवाज आहे. कसला? टिक टिक टिक. ट्रॉमाची सर्व्हिस विकणाऱ्या लोकांनी ट्रॉमावाल्यांच्या वेटिंग रूममध्ये घड्याळ वाजवलंय, आणि म्यूटचं बटण नाही. कस्टमर केअरला लिहिलं, उत्तर आलं 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. घड्याळ अजून तिथेच. मॅडम मला आधीच लिंक पाठवायला लागल्या, तेव्हा सुटलो. तुमची कुठली आवाज-वास-शब्दाची गोष्ट असेल तर ॲपमध्ये सगळीकडे एकदा आधीच फिरून बघा, चांगल्या दिवशी, शेजारी कोणी असताना.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणावी का माहीत नाही, ती ऑनलाइन असण्याचाच भाग आहे. परतीचा रस्ता नसतो. क्लिनिकमधून निघालं की जिना असतो, चपला असतात, रस्ता असतो, घरी पोचेपर्यंत चेहरा जागेवर येतो. इथे बहिणीच्या किंकाळीबद्दल बोलून लॅपटॉप मिटला आणि दहा सेकंदात दारावर टकटक, 'बाबा, चार्जर कुठंय?' मी तिच्यावर ओरडलो. चार्जरसाठी. ती रडकुंडीला, मी अजून अपराधी. पुढच्या सेशनला सांगितल्यावर मॅडमनी शेवटची दहा मिनिटं त्यासाठीच राखली, आणि नियम, लॅपटॉप मिटल्यावर लगेच दार उघडायचं नाही. चपला घालायच्या, गच्चीवर दहा फेऱ्या, मग घर. खोटा खोटा परतीचा रस्ता. बायकोला सांगून ठेवलं, पोरीलाही. चार्जर आता दाराबाहेर टांगलेला असतो.

घरबसल्या मिळतं ही सोय आहेच, पण माझ्यासारख्याला तीच सापळा होऊ शकते, कारण जे टाळत होतो ते टाळूनच उपचार चालले होते. मॅडमनी ते नवव्या सेशनला तोंडावर सांगितलं. मग दहावं सेशन फोनवरून, बंद उभ्या गाडीत. इयरफोन कानात, फोन खिशात, चावी लावायची नाही. त्रास ० ते १०० मध्ये किती ते सांगत राहायचं, मोजमापाची ही रीत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची. दार उघडलं तेव्हा ७०. सीटवर ८५. बेल्ट लावल्यावर ९०, म्हणलं उतरतो. 'उतरा की, दार तुमच्याच हातात आहे, पण आधी एक मिनिट थांबून आकडा सांगा.' ८५. मग ८०. पस्तिसाव्या मिनिटाला ४०, आणि मला चक्क कंटाळा आला होता. त्या गाडीत कंटाळा! हे क्लिनिकमध्ये झालं नसतं, थेरपिस्ट कुठे तुमच्या पार्किंगमध्ये येऊन बसते, फोन मात्र येतो.

प्रायव्हसीबद्दल लोक 'काय होतंय' म्हणतात म्हणून सांगतो. फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या सायकोथेरपी कंपनीच्या हजारो पेशंटांच्या नोंदी चोरीला गेल्या, २०२० मध्ये ते बाहेर आलं आणि चोराने पेशंटांना थेट मेल करून पैसे मागितले. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन काउन्सेलिंग कंपनीला ग्राहकांची आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून ७८ लाख डॉलर भरायला लागले. त्यामुळे सेशन रेकॉर्ड होतं का, नोट्स कोण बघतं, खातं बंद केलं की काय पुसलं जातं, हे विचारा, लाजू नका. माझा घोळ त्यापेक्षा घरगुती होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर केली होती आणि कोपऱ्यात आलं 'तुमचं ट्रॉमा सेशन १० मिनिटांत'. अकरा जणांनी वाचलं. एकानेच नंतर मेसेज केला, 'कुठलं ॲप वापरतोस, मलाही पाहिजे होतं.' असो. नोटिफिकेशन बंद करा.

कोणासाठी नाही हे पण लिहितो. मरायचे विचार येत असतील तर आठवड्यातून एकदाच्या व्हिडिओवर विसंबू नका, तिथे ताबडतोब मदत लागते, हेल्पलाइन, हॉस्पिटल, घरचं माणूस, आणि ही ॲप्स इमर्जन्सी सर्व्हिस नसतात, ते त्यांनी बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं. ज्याच्यामुळे ट्रॉमा तोच माणूस पलीकडच्या खोलीत असेल तर घरातून हे बोलणं धोक्याचं आहे. गोळ्या काउन्सेलर देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्टच. आणि नुसत्या चॅटचा स्वस्त प्लॅन ट्रॉमासाठी मला तरी पटला नाही, आठवडाभर वापरून बघितला, रात्री दोनला लिहिलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी दुपारी 'हे ऐकून वाईट वाटलं' असं उत्तर आलं, तोपर्यंत मी ऑफिसात डबा खात होतो.

काउन्सेलर निवडताना ट्रॉमाचं कुठलं ट्रेनिंग घेतलंय आणि कुठली पद्धत वापरणार हे पहिल्याच कॉलला विचारा. 'आपण बोलत जाऊ, बघू' एवढंच उत्तर आलं तर दोन टॅपचं बटण आहेच.

पीसीएल ४७ वरून २१ वर आलाय. मॅडम म्हणतात दहाच्या वर फरक म्हणजे खरा फरक. आता महिन्यातून एकदा भेटतो. झोप अजून अधूनमधून मोडते, ट्रक शेजारून गेला की खांदे वर जातात.

गेल्या रविवारी बहिणीला सोडायला मीच गाडी घेतली, आमच्या दोघांचीही त्यानंतरची पहिली वेळ. ती पुढेच बसली, विचारलं पण नाही. वळण घेतलं, सरळ रस्त्याला लागलो, ती तिच्या ऑफिसमधल्या कोणाचं तरी लग्न कसं मोडलं ते सांगत होती आणि मधेच थांबून म्हणाली, "दादा, तो इंडिकेटर बंद कर ना, केव्हाचा वाजतोय."